आला गं मेसेज

रुग्णालयाच्या वॉर्डात अकरा वर्षं नर्स म्हणून पाय झिजवल्यावर ती तिथलीच प्रोजेक्ट मॅनेजर झाली, तेव्हा आईला ते पद काही केल्या कळेना. शेवटी तिनं सोपं करून सांगितलं. रुग्णांच्या फोनवर आपोआप निरोप जातील अशी सोय उभी करायची. काम दुसऱ्यांनी करायचं आणि बोलणी आपण खायची. ते मात्र आईला लगेच पटलं. घर चालवणं म्हणजे तेच की, ती म्हणाली.

चाचणीसाठी खरे फोन नंबर हवे होते. तेरा जमले, त्यातला एक आईचा. बाकीचे बारा जण निरोप नुसता उघडायचे, वाचायचे मात्र नाहीत. आई मात्र चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचायची आणि लगेच फोन करायची. "आला गं मेसेज. उद्या उपाशीपोटी या म्हणतोय. येऊ का?" आणि स्वतःच हसायची. एकदा चुकलेली तारीख तिनंच पकडली, तेव्हापासून यंत्रणा तपासणारा टेस्टिंगवाला तिला आपली बिनपगारी सहकारी म्हणायला लागला. लेकीला महिनामहिना घरी फिरकायला फुरसत नसायची. मायलेकींचं बोलणं व्हायचं ते या निरोपांच्या निमित्तानं.

पुढे रक्ततपासणी विभागाचे खरे निरोपही त्याच यंत्रणेतून जायला लागले. त्याच सुमारास जिना चढताना दम लागतो असं आई म्हणाली होती. रक्त तपासून घे, असं लेकीनं सांगितलं आणि कामाच्या रगाड्यात ते विसरूनही गेली. आई एकटीच जाऊन रक्त देऊन आली. उगाच लेकीच्या डोक्याला ताप नको म्हणून बोलली नाही.

एका मंगळवारी भर मीटिंगमध्ये फोन वाजला. "आला गं. रिपोर्ट आला आहे, आजच डॉक्टरांना भेटा म्हणतोय. सगळं नीट आहे, एक चूक नाही."

"छान. ठेव आता, मीटिंगमध्ये आहे."

हीही चाचणीच असं समजून आईनं फोन ठेवला. त्या दिवशी चाचणी नव्हती. चाचण्यांचं वेळापत्रक लेकीनंच केलेलं, तिला ते तोंडपाठ होतं, आणि तरी तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तीन आठवड्यांनी आई स्वयंपाकघरात कोसळली. मूत्रपिंडं पार निकामी झाली होती. जरा आधी आणलं असतं तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले. आई गेल्यावर तिचा फोन चाळताना लेकीला तो मंगळवारचा निरोप सापडला. तो चाचणीचा नव्हता, खरा होता. ती खूप रडली. पण कुणाला सांगायची तिची छाती झाली नाही.

महिन्याभरानं यंत्रणा सगळ्या रुग्णालयात सुरू करायची ठरली. मंजुरीच्या कागदावर तिची सही झाली की मोठे साहेब तिला बढती देणार होते. तिनं एकच गोष्ट लावून धरली: गंभीर रिपोर्ट असेल तर निरोपावर भागवायचं नाही, नर्सनं स्वतः फोन करायचा. साहेबांनी ते पुढच्या टप्प्यावर ढकललं. निरोप पोहोचतो, वाचला की पडद्यावर तसं दिसतं, मग अडतंय कुठे, असं त्यांचं म्हणणं. तिला कारण सांगता येईना.

तेवढ्यात मंजुरीच्या त्या बैठकीतच टेस्टिंगवाल्यानं शेवटची चाचणी सोडली. पडद्यावर बारा नावांपुढे 'वाचला' आलं. तेरावं अडलं. ती यादी बदलायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिच्या पर्समध्ये आईचा फोन थरथरला.

तिनं तो बाहेर काढला आणि निरोप उघडला. रिपोर्ट आला आहे, आजच डॉक्टरांना भेटा. पडद्यावर तेरावा 'वाचला' उमटला.

"झालं की," साहेब म्हणाले. "करा सही."

"त्या मंगळवारीही असंच दिसलं होतं, साहेब," ती म्हणाली. "आईनं वाचला होता. मला फोन करून वाचून दाखवला होता. मी छान म्हणाले."

कागद तिनं साहेबांकडे परत सरकवला. सही केली नव्हती.