खुंटीवरचा बिल्ला

तेल्हाऱ्याची एसटी अमरावतीच्या स्टँडात शिरली, तरी चंद्रभानच्या कानात आदल्या संध्याकाळचा शिवमचा फोनच घुमत होता. "काका, बाबा मशीनमध्ये जात नाहीत. दोनदा आणलं, दोनदा परत नेलं. उद्या शेवटचं. तुम्ही येता का?"

शिवमचा बाप मोतीराम अचलपूरला राहत असे. मणक्यात नस दबल्याने त्याचे पाय दिवसेंदिवस बधिर होत चालले होते. एमआरआय झाल्याशिवाय डॉक्टर शस्त्रक्रियेला हात लावणार नव्हते, आणि शस्त्रक्रिया लांबली तर पाय कायमचे जाणार होते. त्यासाठी एका पांढऱ्या बोगद्यात अर्धा तास निश्चल पडून राहायचे, एवढेच. ज्या माणसाने सारी उमर भुईच्या पोटात घालवली त्याने या हातभर बोगद्याला नकार द्यावा, याचे दवाखान्यात सगळ्यांना हसू येत होते. चंद्रभानला मात्र ते ऐकून हसू आले नव्हते.

दोघेही सावंगझरीच्या खदानीतले. वणीच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठी, कोळशामुळे वसलेले आणि कोळशाबरोबर संपलेले ते गाव. तरुणपणी चंद्रभान तेल्हाऱ्याची कपाशी मागे टाकून तिथे गेला. काळ्या मातीतून निघून काळ्या दगडाकडे. तिथे दिवस भोंग्याच्या मापाने कापलेला असे. पहिला भोंगा झाला की क्वार्टरांच्या रांगेसमोर शेगड्या बाहेर येत आणि कच्च्या कोळशाचा पिवळसर धूर साऱ्या गल्लीवर एकाच पांघरुणासारखा पसरे. एका नळावर तेलुगू, भोजपुरी, छत्तीसगडी आणि वऱ्हाडी भांडणे रंगत. दोरीवरचे पांढरे धोतर संध्याकाळपर्यंत राखी होई, म्हणून बायका पांढरे काही विकतच घेत नसत. पुढे तो कोळसा परवडेनासा झाला. पंप थांबले. खाली ज्या वाटांना माणसांनी नावे दिली होती त्या वाटांत पाणी चढत गेले, आणि वर क्वार्टरांची दारे-चौकटी कोणी कोणी उचलून नेली. चंद्रभान शेवटचे तिथे जाऊन आला तेव्हा बत्तीघराच्या फरशीतून बाभूळ वर आली होती. भिंतीवरच्या खुंट्या तेवढ्या जागच्या जागी होत्या, बोटे पसरून काही मागत असल्यासारख्या.

त्या बत्तीघरात चंद्रभानची नोकरी सरली. खाली जाणारा प्रत्येक जण खिडकीशी येई, आपला नंबर सांगे आणि पितळी बिल्ला पुढे करी. चंद्रभान बिल्ला खुंटीला लावी, बत्ती हातात देई आणि म्हणे, "ये." त्या खिडकीशी 'जा' हा शब्द कोणी उच्चारत नसे. "येतो," म्हणत माणूस उतरे. परतल्यावर बत्ती आत, बिल्ला बाहेर. बिल्ला लटकतो आहे तोवर माणूस खाली आहे, आणि माणूस खाली आहे तोवर खिडकी सोडायची नाही.

एकदा खाली खदानीचे छत बसले आणि साऱ्या भिंतीवर एकच बिल्ला उरला. तो मोतीरामचा होता. चंद्रभानने पाळी बदलू दिली नाही, बायकोने आणलेला डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला डोळे आणि दात तेवढे पांढरे असलेला एक माणूस खिडकीशी आला आणि म्हणाला, "आन लेका माहा बिल्ला."

एवढ्या वर्षांत चंद्रभान स्वतः एकदाही खाली उतरला नव्हता. तेल्हाऱ्यात लोक त्याला खदानवाला म्हणत, अंधाराच्या गोष्टी विचारत. तो विषय पावसापाण्यावर नेई. मोतीराम त्याला 'वरचा' म्हणे. ती थट्टा होती. पण काही थट्टा हाडात राहतात.

दवाखान्याच्या तळघरात, मशीनच्या खोलीबाहेर, मोतीराम चाकाच्या खुर्चीत बसला होता. अंगावर दवाखान्याचा निळा झगा.

"काहून आला रे वरच्या?" त्याने मान न वळवता विचारले. "तुले बी बलावलं काय यानं?"

"तुले झग्यात पाहाले आलो. चांगला दिसून राहिला. नवरीच जशी."

"मंग घेऊन जाय मले तेल्हाऱ्याले." मोतीराम हसला, पण हात खुर्चीच्या दांड्यांवरून सुटले नाहीत.

"काका, समजावा ना," शिवम म्हणाला. त्याचे डोळे जागरणाने लाल होते. "सगळ्यांचं होतं. लहान लेकरांचं होतं."

"आयुष्यभर अंधारात गेला तू," चंद्रभान म्हणाला. "हे तं उजेडाचं भोक हाय. दोन्हीकून उघडं."

"मले काय सांगतं? तू कधी गेला भोकात?"

 

दार उघडून मशीन चालवणारी मुलगी बाहेर आली. तिच्या खिशावर आचल असे नाव होते. "आजोबा, आज तरी ऐकणार ना? अंगावरचं धातूचं सगळं काढलं का?"

शिवमने घाईने बापाचे घड्याळ काढले, गळ्यातला ताईत काढला आणि दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत, औषधांच्या पट्ट्यांत, सरकवून दिले. उरली बोटातली तांब्याची अंगठी. मोतीरामने मूठ मिटली.

"हेच," शिवम हळूच म्हणाला. "दोन्ही वेळा इथंच अडलं. अंगठी काढायला गेलं की परत फिरा म्हणतात."

चंद्रभानने मोतीरामकडे पाहिले. मोतीराम दाराकडे बघतच नव्हता. त्याची नजर त्या पिशवीवर होती; शिवमने ती बगलेत मारली होती आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून तो जिन्याकडे वळला होता. तिथे नेटवर्क असे. ती नजर चंद्रभानच्या ओळखीची होती. पाळी सुरू होताना खिडकीच्या पलीकडून रोज ती आत डोकावे. माणसे बत्तीकडे बघत नसत. आपला बिल्ला खुंटीला नीट लागला की नाही, हे बघत.

दाराशेजारच्या भिंतीवर झगे अडकवायचे हूक होते. चंद्रभानने त्यातला एक रिकामा केला आणि त्याखाली उभा राहिला. आवाज आपोआप जुना झाला.

"नंबर?"

मोतीरामने मान वर केली. त्याने चंद्रभानकडे पाहिले, मग त्या हुकाकडे.

"एकशे सतरा," तो म्हणाला.

चंद्रभानने हात पुढे केला. मोतीरामने थुंकीने बोट ओले करून अंगठी फिरवत फिरवत काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. ती हुकात अडकली, डुलली, थांबली.

"काका, नातेवाइकांनी वर थांबायचं असतं," आचल म्हणाली.

"मी नातेवाईक नाही, बाई," चंद्रभान म्हणाला. "माही ड्युटी हाय."

 मग तिने त्या दोघांकडे पाहिले आणि दाराजवळ एक स्टूल सरकवून दिले.

"ये," चंद्रभान म्हणाला.

"येतो."

दार लागले. भिंतीपलीकडे मशीन सुरू झाले आणि चंद्रभान स्टुलावर ताठ बसला. ठकठक, मग लांब घरघर, मग पुन्हा ठकठक. दगडात छिद्र पाडणाऱ्या यंत्राचा तो आवाज त्याने आजवर फक्त माणसांच्या बोलण्यातून ऐकला होता. आज पहिल्यांदा तो सरळ त्याच्या हाडांपर्यंत आला. शिवमने चहा आणून दिला. तो हातातच निवला. कोणीतरी झगा अडकवायला आले, तर चंद्रभानने न बोलता शेजारचा हूक दाखवला.

दार उघडले तेव्हा मोतीरामचे कपाळ घामाने चकाकत होते, पण मुठी सुटलेल्या होत्या. आचल मागून म्हणाली, "हलले नाहीत हो जराही. छान झालं."

चंद्रभानने अंगठी काढून समोर धरली. मोतीरामने ती घेतली नाही.

"डाक्टर काय म्हणते, आपरेशनात काय होते, कोणाले ठाव?" तो म्हणाला. "मी आजून वर आलो नाही, चंद्रभान. राहू दे तुह्यापाशी." मग जरा थांबून, खोलीकडे हनुवटी उडवत, "मशीन रिकामं हाय आता. पाह्यतं काय जाऊन?"

"बत्तीघर कोन पाहीन?"

मोतीराम खो खो हसला, खोकला येईपर्यंत हसला. आणि त्यानंतर त्या दिवशी त्याने मित्राला एकदाही 'वरचा' म्हटले नाही.

तेल्हाऱ्याला पोचेपर्यंत ऊन उतरले होते. चंद्रभानने चपलाही न काढता ओसरीतले कॅलेंडर खाली उतरवले आणि त्याच्या खिळ्याला अंगठी लावली. सून दामिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"मामाजी, कोनाची अंगठी हाय ही?"

"एक जन खाली हाय आजून," चंद्रभान म्हणाला आणि खिळ्यासमोर खुर्ची ओढून बसला.