सभेत नेलेला पाळणा

मी पाळणा बोलतोय. शिसवी-बिसवी नाही हं, साधा पाइनचा. लंडनजवळच्या स्लाऊ गावात, ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोदामात मालाची खोकी फोडली जायची. त्यांच्या फळ्या उल्हासरावांनी साहेबाला विचारून घरी आणल्या आणि मागच्या बागेत मला उभं केलं. छत्तीस वर्षं झाली त्याला. माझा एक पाय अजून आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा लागतो. सुतारकाम त्यांना कुठलं यायला? पण पहिलं मूल येणार होतं आणि माणूस नुसता हवेत होता.

माझ्यात पहिला निजला तो त्यांचा जय. मग काय, स्लाऊतल्या कुठल्याही मराठी घरात बारसं निघालं की उल्हासरावांना फोन. गाडीच्या टपावर मला बांधून न्यायचे. रामनवमीला मराठी मंडळातला रामही माझ्यातच. मला त्याचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू.

पुढे लोकांनी दुकानातले कॉट घेतले आणि मी वर लॉफ्टमध्ये, माळ्यावर गेलो. दोन वर्षांपूर्वी जयने मला खाली उतरवलं. "आई, ही पाळणा कुठे ठेवायची?" त्याचं मराठी असंच. त्याची बायको कस्तुरी नागपूरची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. पोटावर हात ठेवून ती इतकी हसली, की मीनाक्षीबाई, तिच्या सासूबाई, स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

वीस आठवड्यांच्या स्कॅनला कळलं. बाळाच्या दोन्ही किडन्या झाल्याच नव्हत्या, म्हणून फुप्फुसंही वाढणार नव्हती. जन्मली तर तास-दोन तास, तेही श्वासासाठी तडफडत. मुलगी होती. दोन आठवडे कस्तुरी माझ्याजवळ जमिनीवर बसून असायची. "सांग ना जय, काय करू?" एवढंच विचारायची, आणि जय नुसता तिचा हात धरायचा. मग ती हॉस्पिटलात गेली, कागदावर सही केली आणि रिकाम्या हातांनी घरी आली.

उल्हासराव तेव्हा आजारी भावाजवळ पुण्यात होते. मीनाक्षीबाईंनी त्यांना फोनवर सांगितलं, "बाळ पोटातच गेलं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. नवरा देवाधर्माचा, त्याला खरं सोसणार नाही असं त्यांना वाटलं. उल्हासराव देवाची मर्जी म्हणून रडले आणि मी गॅरेजमध्ये आलो.

मी पडलो पाळणा, मला बाळच हवं असणार. गर्भपात करावा की नाही या वादात मी कुठल्या बाजूचा हे कुणी विचारायलाच नको. पण ते दोन आठवडे मी पाहिलेत हो. तेव्हापासून मला कुणाची बाजू घेता येत नाही.

मग गर्भपाताच्या कायद्यावर पार्लमेंटमध्ये मतदान व्हायचं ठरलं. पक्षाचा हुकूम नाही, ज्याने त्याने आपल्या मनाला विचारून मत द्यायचं. गर्भपाताविरुद्ध मत द्या असं आमच्या भागातल्या खासदारबाईंना सांगायला सगळ्या धर्मांची सभा ठरली. पाद्री, मौलवी, शिखांचे ग्यानीजी आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणून उल्हासराव. एरवी हीच मंडळी कम्युनिटी हॉलबाहेर गाड्या लावण्यावरून हमरीतुमरीवर यायची. आता मात्र 'एक देश, सगळे धर्म' असा फलक लागला.

उल्हासरावांना त्या फलकाचं फार अप्रूप होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात बसस्टॉपवर एकजण त्यांना ओरडून म्हणाला होता, तुझ्या देशात जा. चाळीस वर्षं इथे राबलेला माणूस, आठवडाभर नीट जेवला नाही. आता पाद्रीबुवा त्यांना आपला भाऊ म्हणत होते. त्या आनंदात त्यांनी सभेच्या दिवशी सकाळी मला टपावर बांधलं, कुणालाही न विचारता.

मीनाक्षीबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून चहा द्यायला कस्तुरी आली होती. हॉलच्या मधोमध मला बघून तिच्या हातातला ट्रे टेबलाला आपटला.

उल्हासराव इंग्रजीत बोलायला उभे राहिले. "माझी नात देवाने नेली," ते म्हणाले. "पण काही आया आपल्या हातांनी पाळणा रिकामा करतात." आवाज खरंच भरून आला होता त्यांचा. बोलता बोलता त्यांनी माझी दोरी ओढली.

कस्तुरी चालत आली आणि तिने मला दोन्ही हातांनी धरलं. "बाबा, रिकामा पाळणा हलवू नये."

हे आपल्या घरांत पोरासोरांनाही ठाऊक असतं. भाषणाच्या भरात ते विसरले होते. "अगं, बोलू दे मला," ते हळूच म्हणाले. "आपल्याच बाळाचं सांगतोय ना."

"मग खरं सांगा. देवाने नाही नेलं तिला. तिला तडफडावं लागू नये म्हणून मी सही केली. चुकले का, हे मी रोज स्वतःला विचारते, बाबा. पण ते मी विचारीन. यांनी नको."

त्या हॉलमध्ये मराठी कळणारी तेवढी दोनच माणसं. पाद्रीबुवांनी पुढे वाकून मायेने विचारलं, काय म्हणतेय ती? खासदारबाईही बघत होत्या. उल्हासरावांचा हात अजून माझ्या दोरीवरच होता. मला वाटलं, आता तो हात तिच्या डोक्यावर ठेवतील.

"चहा तयार आहे म्हणते," ते इंग्रजीत म्हणाले.

लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. कस्तुरीने त्यांच्याकडे पाहिलं. मग इंग्रजीतच "हो, तयार आहे" म्हणाली आणि जाऊन सगळ्यांना चहा दिला, साखर हवी का विचारून. नंतर फोटो काढला. मी मधे, चारी धर्म बाजूला.

खासदारबाईंनी कुठल्या बाजूने मत दिलं, मला माहीत नाही. जय-कस्तुरी घरात असेपर्यंत पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

महिन्याभरात जय-कस्तुरीने दुसऱ्या गावी, मिल्टन कीन्सला घर घेतलं. निघायच्या दिवशी सामान भरताना ती एकटी गॅरेजमध्ये आली. बाळाचं डोकं जिथे यायचं तिथे वाकून तिने एक नाव सांगितलं. बारशाला ते आत्याने सांगायचं असतं, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीवर धपके घालत कुर्र म्हणतात. तिने एकटीनेच 'कुर्र' म्हटलं आणि डोळे पुसून ती गेली.

आज सकाळी उल्हासराव आले. टूलबॉक्सवर बसले, मोबाइल हातात. दारात मीनाक्षीबाई येऊन उभ्या राहिल्या. फोनवर खोटं का सांगितलं ते आणि कस्तुरीचे ते दोन आठवडे, सगळं अखेर त्यांनीच उल्हासरावांना सांगून टाकलं होतं.

"नाव ठेवलं होतं का गं तिचं?"

"मला नाही माहीत. तिला विचारा."

"काय तोंडाने विचारू?"

मीनाक्षीबाई आत गेल्या. उल्हासरावांनी कस्तुरीचा नंबर काढला, बराच वेळ पाहिला आणि मोबाइल खिशात ठेवून दिला.

नाव मला माहीत आहे. पण मी लाकूड, आणि ते माझ्याकडून कळण्यात अर्थही नाही. उल्हासराव, तुमच्याच हातचा आहे मी, म्हणून सांगतो. आज शनिवार आहे, ती घरी असेल. फोन करा.