आईची खुर्ची

मानसशास्त्र मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत सुकन्याची खुर्ची ठरलेली होती, आईची. लातूरच्या एका कॉलेजातली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पोरं एम.ए. प्रवेशाच्या मुलाखतीचा सराव करायची. एकानं समुपदेशक व्हायचं, दुसऱ्यानं आई होऊन लेकराची हकिगत सांगायची. मंडळात खरीखुरी आई एकटी सुकन्याच. लग्नानंतर पुन्हा शिकायला लागलेली, निलंग्याहून एसटीनं येणारी. त्यामुळे दर शनिवारी तिनं आपल्या लहानग्या शिवांशबद्दल सांगायचं आणि बाकीच्यांनी विचारायला शिकायचं. सगळ्यांचा हात बसला, तिचाच राहिला. आता गुरुवारी नांदेडला तिची मुलाखत होती, आणि तिथं तिला प्रश्न विचारून दाखवायचे होते.

"आज मी विचारते," ती म्हणाली.

"मग आई कोण, ताई?" मंडळाची सचिव सादिया म्हणाली.

"मी होतो की," वर्गातला रुद्रेश पुढं सरकला. "सादिया, ओढणी दे."

"ओढणी नको, अक्कल घे थोडी."

नांदेडला एम.ए. करणारी लुंबिनी, मंडळाची जुनी सभासद, सराव बघायला मुद्दाम आली होती. ती मागच्या बाकावर बसली.

रुद्रेशनं आवाज बारीक केला. "लेकरू जेवतच न्हाई मॅडम. शेजारणीचं लई बोलायलंय, आमचं नुसतं बोट दाखवतं. रात्री उठून बघते मी, श्वास चालू हाय का."

पोरं हसली. सगळं सुकन्याचंच होतं, मागच्या शनिवारांतलं. तीही थोडी हसली. मग जेवण, आजारपण, बोलणं, एकेक विचारत गेली.

"आणि तुम्ही कधी झोपता?"

रुद्रेश अडला. हे सुकन्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

"म्हणजे, दुपारी पडत असाल थोडं," सुकन्या घाईनं म्हणाली. "सासूबाई बघत असतील लेकराला..."

"थांब," लुंबिनी मागून म्हणाली. "प्रश्न चांगला होता. उत्तर तूच का दिलंस? माझेही नांदेडच्या मुलाखतीत ह्याच चुकीनं गुण गेले. पुन्हा विचार आणि गप्प बस."

"समोरचं माणूस बोललंच नाही तर?"

"तर नाही बोललं."

घरी शिवांशचा आवाज बंद झाला, की सुकन्या हातातलं टाकून बघायला पळायची. शांतता म्हणजे काहीतरी झालं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. तिनं हात मांडीखाली दाबून धरले.

"तुम्ही कधी झोपता?"

रुद्रेशनं सादियाकडं पाहिलं, मग खाली. सुकन्याच्या ओठावर उत्तरं येत राहिली. ती गिळत राहिली.

"आमची माय," तो म्हणाला. आवाज आता त्याचा स्वतःचा होता. "बाबा घरी येईस्तोवर झोपायची न्हाई. मग मी बी जागाच."

कुणी हसलं नाही. सुकन्यानं मान हलवली.

"जागं राहून काय करायचात?" तिनं विचारलं, आणि पुन्हा गप्प बसली.