चाळणीवरचा आकडा

लातूरच्या आमच्या घरात बारीक धूळ-धूर शिरायच्या किंवा उठायच्या जागा मी मोजल्या, तेव्हा सहा निघाल्या: रस्त्याकडच्या दोन खिडक्या, मागचं दार, जिन्यातला झरोका, स्वयंपाकघरातलं धुराडं आणि देवघरातली उदबत्ती. समोर डाळमिल. माझा संशय तिच्यावरच होता.

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, दोन वर्षांपासून आमवात. शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला सीआरपी ४६ होता. डॉक्टरांनी सहा आठवडे दिले होते. तेवढ्यात तो विसाच्या आत आला नाही, तर जास्त जोराचं औषध. पण त्यानं संसर्गाची भीती, आणि अव्वाच्या फुप्फुसावर आधीच डाग. हवेतले बारीक कण फुप्फुसात खोल उतरले की काही जणांच्या रक्षक पेशी आपल्याच शरीरावर उठतात, हे मी सूक्ष्मजीवशास्त्राला असताना वाचलं होतं. म्हणून कण मोजायचं मीटर आणलं. तेरा दिवस खिडकीत ठेवलं. पन्नासच्या वर ते क्वचितच गेलं; साठपर्यंत चालतं.

चौदाव्या दिवशी मागच्या पडवीत नेलं. तिथं अव्वा श्रावणासाठी विभूती करत होती. शेणाचे गोळे जाळून झालेली राख ती मलमलीच्या चाळणीतून चाळते आणि चाळीस घरांना देते. मिलची धूळ उडाली की पदर नाकाला लावणारी अव्वा चाळायला बसली की तो मुद्दाम खाली घ्यायची. शिवाच्या वस्तूसमोर तोंड झाकायचं नाही.

मीटरवर ६८० आलं.

मी चाळणी धरली. तिनं सोडली नाही. सुजलेली बोटं ताणली गेली, तरी नाही.

"त्या यंत्राला काय कळतंय, ही विभूती हाय का मिलची धूळ?"

"न्हाई कळत. तुझ्या फुप्फुसालाबी न्हाई कळत, अव्वा."

दारातून अप्पा, माझे वडील, म्हणाले, चाळणीच फाडा, म्हणजे दोघींचं भागलं. अव्वानं मीटरचा आकडा पुन्हा बघितला. मग तिनं सांगितलं की तिची सासू राख पाण्यात कालवून गाळायची आणि गाळ वाळवून वड्या थापायची. मेहनत लई म्हणून आपण ते सोडलं.

"घागर आण," ती म्हणाली.

त्या दिवसापासून राख ओलीच गाळली. गोळे जाळायचं काम रेणापूरला आत्याच्या शेतात गेलं. पडवीत मीटर ४१ दाखवू लागलं.

सहा आठवडे भरले त्या सकाळी रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. डॉक्टरांची रेघ विसाची होती.

सीआरपी: २१.४ मिलिग्रॅम प्रति लिटर.