फुलाच्या पाठीचा ओळंबा

मित्रांनो, मी केरबा गवंड्याचा ओळंबा. पितळेचा गोळा, लाकडाचा ठोकळा आणि दोघांना जोडणारा दोरा, एवढाच माझा संसार. उदगीरच्या वीरण्णा ओताऱ्याने मला ओतलं. भिंत वाकडी असली की मी तोंडावर सांगतो, म्हणून पुष्कळ गवंड्यांना आम्ही खिशातच बरे वाटतो. केरबा तसा नव्हता.

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांची बांधकामं निघाली आणि केरबा लातूरला आला. सोबत बायको भामाबाई आणि अकरा वर्षांची लेक पंचफुला, घरची फुला. फुलाचा कणा एका बाजूला कलत चालला होता. त्याच वर्षी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं, कण्यालगत पोलादी सळई बसवली. डॉक्टरांनी तिच्या मानेपासून दोरा सोडून पाठ तपासली तेव्हा केरबाची छाती फुगली.

"हे तर आमचंच काम हाय, साहेब!"

डॉक्टर हसले. पण त्यांनी बजावलं, पोर वाढीची आहे, दर सहा महिन्यांनी दाखवायला आणा.

आमच्या धंद्यात अमावास्येला सुट्टी. त्या दिवशी केरबा मला धुऊनपुसून फुलाच्या मानेच्या मणक्यावर धरायचा. मी कमरेच्या बरोबर मधोमध थांबलो की भामाबाई गूळ वाटायची, एक खडा माझ्यापुढेही ठेवायची. आयुष्यात इतक्या भिंती पाहिल्या, गुळाचा मान मात्र त्या पाठीनेच दिला.

दोन वर्षं मी मधोमधच थांबलो. मग केरबाने दवाखानाही सोडला आणि दोराही. "एकदा ओळंब्यात आलेली भित पुन्हा कोण बगतंय?" म्हणायचा. अशी चूक गवंडीच करू जाणे.

पुढे दुष्काळ पडला. पाण्यावाचून बांधकामं थांबली आणि मी खुंटीला टांगला गेलो. पंधरा वर्षांची फुला टँकरवरून घागरी आणायची. पाठीत कळ उठायची, पण ती गप्प. एवढ्या लोकांनी एवढं केलं, आता पुन्हा दुखतंय म्हणायचं कसं, असं तिला वाटायचं. हे तिने मागाहून आईला सांगितलं.

एका अमावास्येला मात्र तिने मला खुंटीवरून काढलं आणि बापापुढे पाठ करून उभी राहिली.

"आबा, दोरा लावा."

"अगं, भित काय आपोआप हालतिया का?"

"भित वाढत न्हाई, आबा. मी वाढायलेय."

केरबाने मला धरलं. मी थांबलो तो मध्यापासून दोन बोटं डावीकडे. त्याला वाटलं, दोरा पिळला असेल. त्याने मला दाराच्या चौकटीला लावून पाहिलं. चौकट सरळ होती. पुन्हा पाठीला लावलं, पुन्हा दोन बोटं. मित्रांनो, खरं सांगितल्याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दोघं मुंबईला निघाली. हाडं नीट सांधली नव्हती, आतली सळई तुटली होती. "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. पुन्हा ऑपरेशन झालं. फुला महिनोन् महिने पलंगावर होती, पण उठली ती स्वतःच्या पायांवर.

आज ती नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. तिला कमरेत वाकता येत नाही, खालचं पुस्तक गुडघे टेकून उचलते. तक्रार नाही. त्या डॉक्टरांचे आणि त्या दिवशी तोंड उघडणाऱ्या त्या मुलीचे उपकार मी विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, मुलांनो, बरं झाल्यावरही दाखवायला जा, आणि दुखलं तर बोला. बोलल्याने कुणाचे उपकार बुडत नाहीत, उलट राखले जातात.

केरबा आता थकला आहे. तरी दर अमावास्येला मला पिशवीत घालून सकाळच्या एसटीने नांदेड गाठतो. केस पिकलेली फुला पाठ करून उभी राहते. त्याचा हात थरथरतो, त्यामुळे मी बराच वेळ डोलत राहतो.

"आबा, झालं का?"

"दम धर, माय. थांबू दे त्याला."

मी थांबतो. मधोमध. मग म्हातारा खिशातून गुळाचा खडा काढतो.