नाकापुढचं काम

छिन्नी घसरली आणि बायकोचं दगडी नाक तुटून पायाशी पडलं. पाथरवटाने दगडालाच शिवी हासडली. चूक आपली हे तो कबूल करणार नव्हता.

बायको गेल्यावर तिचा चेहरा घडवायला त्याने सगळ्यांत कठीण काळी शिळा निवडली होती. संगमरवर म्हणजे त्याच्या लेखी साबण. आणि माती? मातीचे पुतळे घडवणारा त्याचा जावई त्याच अंगणात पलीकडे बसायचा, तेव्हा मातीचा उद्धार रोजच व्हायचा.

“जावईबापू, चिखल थापायला अक्कल लागत नाही. चुकलं की पुसा, पुन्हा थापा.”

जावई नुसता हसायचा. त्या हसण्याचाही म्हाताऱ्याला तिटकारा होता.

आज मात्र मुलगी बाहेर आली, पडलेलं नाक तिने पाहिलं आणि नवऱ्याच्या ढिगातला मातीचा गोळा उचलून बापासमोर आदळला.

“ह्यात करा.”

“तुझी आई काय लेचीपेची होती?”

“तुमच्यापुढे आयुष्य काढलं तिने. करा मुकाट्याने.”

तोंड वाकडं करून त्याने मातीत बोटं खुपसली. कपाळ उठलं. गालांचे खळगे दाबताच पडले. हनुवटीखालची सैल कातडीसुद्धा आली. “बघ, पोरखेळ!” तो तुच्छतेने म्हणाला, पण हात थांबेना.

मग तो कानांपाशी आला आणि अडला.

दगडातल्या सगळ्या मूर्तींना त्याने एकच कान दिला होता, गुरूने शिकवलेला. छिन्नी आपसूक तिकडेच वळायची. इथे छिन्नी नव्हती; बोटं होती, आणि बोटांना काहीच आठवत नव्हतं.

“तुझ्या आईचे कान कसे होते गं?” त्याने हळूच विचारलं.

मुलगी बघतच राहिली. “जन्मभर तिच्या हातचं जेवलात, बाबा. एकदा मान वर करून बघितलं नाहीत?”

पलीकडे जावयाने कधी नव्हे ते हसू आवरलं आणि पाठ फिरवून तो आपली माती मळू लागला.

मुलगी बापासमोर मांडी घालून बसली, मान कलती केली आणि केस मागे सारले.

“माझे तिच्यावरच गेलेत,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मातीने भरलेले हात धोतराला खसाखसा पुसले आणि दोन बोटांनी तिच्या कानाची कड हळूहळू चाचपू लागला.