सदतीस वेळा पाय गार

सिस्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनवर थेट बोट टेकवलं.

"हे एकदाच का दिसतंय?"

"काय?"

"पाय गार. मी सदतीस वेळा लिहिलं होतं."

मुलाचा चेहरा खुलला. याच प्रश्नाची तो सकाळपासून वाट पाहत होता. आईच्या पुस्तकाचा आराखडा मांडायला कोणतं सॉफ्टवेअर बरं, हे ठरवण्यासाठी त्याने दोन रविवार खर्ची घालून तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली होती आणि गुणांसकट तक्ता केला होता. पहिल्यात मथळ्याखाली मथळा, त्याखाली ओळी, बस्स. दुसऱ्यात ओळींच्या चिठ्ठ्या होत, त्या हव्या तिथे हलवता येत. तिसरं मात्र हुशार होतं.

"ते सारख्या ओळी स्वतःच शोधून एकत्र करतं," तो म्हणाला. "तुझ्या चार हजार ओळींच्या सहाशे झाल्या, आई! आणि आजारांप्रमाणे लागल्यासुद्धा. डॉक्टरांना हवं अगदी तसं. दहापैकी साडेनऊ दिलेत मी."

"परवा कपाटही असंच आवरलं यांनी," सून आतून म्हणाली. "काळ्या चपलांचे दोन जोड सारखे दिसले म्हणून माझा एक देऊन टाकला."

"तू मध्ये बोलू नकोस गं."

सिस्टर हसल्या नाहीत. बायकांच्या वॉर्डात चौतीस वर्षं त्यांनी एक रीत पाळली होती. ड्यूटीवर आल्या की खाटेला अडकवलेला कागद वाचण्याआधी त्या बाईकडे बघायचं, तिच्या पायाला हात लावायचा, आणि जे पहिलं जाणवेल ते खिशातल्या वहीत एका ओळीत टिपायचं. खाट तीन, पाय गार. खाट अकरा, भिंतीकडे तोंड. निवृत्त झाल्यावर चार महिने दोन बोटांनी टाइप करून त्यांनी त्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. शेवटची तेवढी राहिली होती. नर्सिंग शाळेचे प्रमुख डॉक्टर त्यांचं पुस्तक छापणार होते, नव्या मुलींना शिकवायला. आराखडा आज दुपारपर्यंत पाठवायचा होता.

"बाकीच्या छत्तीस जणी कुठे गेल्या?"

"गेल्या नाहीत गं, एकीत मिसळल्या. वाक्य तेच आहे ना?"

"वाक्य तेच आहे. बाई तीच नाही."

"पण वाचणारीला एकदा कळलं की पुरे—"

"एकदा कळत नाही." त्यांनी बोट स्क्रीनवरून काढलं आणि पदराला पुसलं. "ही नुसती थंडी नव्हे, हे मला सव्विसाव्या वेळी कळलं. पंचवीस जणींच्या पायांवर पांघरूण घातलं आणि मी पुढे गेले. सव्विसावीला डॉक्टरांना बोलावलं."

मुलाने तक्ता बाजूला सारला.

"मी टाइप केलेली आधीची फाइल आहे?"

"आहे."

"मग ती पहिल्यात घाल."

"पहिल्यात? आई, त्याला मी चार दिलेत. बावळट आहे ते. टाकलं तसं ठेवतं. स्वतःहून काही म्हणजे काही करत नाही."

"तेच घे."

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरांचा फोन आला की उभं राहायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. त्या उठल्या.

"काय सिस्टर, जमलं का? आजार, लक्षणं, उपचार?"

"तसं नाही केलं, सर. खाटांप्रमाणे आहे. बायका जशा आल्या तशा."

"अहो, तेच तेच किती वेळा लिहिणार? मुली कंटाळतील."

"कंटाळू देत. मीही कंटाळायची. तरी हात लावायचा, एवढंच शिकवायचंय मला."

"सिस्टर, हे असं छापता येणार नाही. मग मला दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्यावं लागेल."

सिस्टरांनी मोकळ्या हाताने खुर्ची जवळ घेतली आणि त्या बसल्या. नीट, पाठ टेकून.

"घ्या लिहून, सर. वह्या माझ्याकडे आहेत."

"म्हणजे पुस्तक नकोच तुम्हाला?"

"हवंय. फार हवंय. पण असंच हवंय."

पलीकडून फोन बंद झाला. सिस्टरांनी तो टेबलावर पालथा ठेवला. त्यांनी शेवटची, टाइप करायची राहिलेली वही पुढे ओढून उघडली.

"घे. खाट नऊ."

मुलाने खाट नऊ लिहिलं आणि न थांबता पुढे टाइप केलं: पाय गार.

"कोणी सांगितलं?"

"नाही, मला वाटलं—"

"वाटलं म्हणून लिहायचं नाही."

त्यांनी वही फिरवून त्याच्यासमोर सरकवली. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं. मुलाने लिहिलेलं खोडलं, खाली वाकला आणि एकेक शब्द लावत वाचू लागला.

"पाय... कोमट. आज... पहिल्यांदा पाणी मागितलं."

"हं," सिस्टर म्हणाल्या. "आता पुढची."